न पोचलेलं ‘नाही’ आणि ऑफिसचं वायफाय

आमचं ऑफिस घाटकोपर पश्चिमेला, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. एका बाजूला स्टीलच्या डब्यांना पॉलिश करणारा गाळा, दुसऱ्या बाजूला लेबलं छापणारा, आणि मध्ये आम्ही चौघं दुभाषी. दुभाषी म्हटलं की लोकांना जपानी, जर्मन असं काहीतरी वाटतं. आम्ही खुणांच्या भाषेचे दुभाषी. ऐकू न येणारी माणसं हॉस्पिटलात, बँकेत, मुलाच्या शाळेत गेली की तिथून आम्हाला व्हिडिओ कॉल करतात आणि फोन टेबलावर टेकवून ठेवतात. समोरचा डॉक्टर जे बोलतो ते आम्ही हातांनी सांगतो, आणि ते हातांनी जे सांगतात ते आम्ही डॉक्टरला बोलून दाखवतो.

ही भाषा मला शिकावी लागली नाही. माझी तीच पहिली. आई-बाबा दोघंही बहिरे. बाबा कोकणातून येऊन मिलमध्ये लागले ते साचेखात्यात. तिथे मागांच्या खडखडाटात कुणालाच कुणाचं ऐकू येत नसे, सगळेच हातवारे करून बोलत. त्यामुळे सबंध मिलमध्ये त्याच एका खात्यात बाबांना काही अडत नसे. बाकी सगळीकडे त्यांच्या वतीने बोलायला मी असायचे. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, घरमालकाशी. सहाव्या-सातव्या वर्षापासून मी दुभाषी आहे असं म्हटलं तरी चालेल. पुढे त्याचं रीतसर शिक्षण घेतलं, काही वर्षं नोकरी केली आणि मग हे ऑफिस काढलं.

ऑफिस काढताना मी खुर्च्यांचा विचार केला, उजेडाचा केला, पाठीमागच्या निळ्या पडद्याच्या रंगाचा तर दोन आठवडे केला, कारण हातांच्या रंगापुढे तो नीट दिसायला हवा. वायफायचा विचार मी केला नाही. स्टेशनजवळच्या दुकानात गेले आणि सांगितलं, ऑफिससाठी चांगलं द्या. दुकानदाराने आठ अँटेना असलेला एक काळा राउटर काढून दिला. म्हणाला, “मॅडम, हे घ्या. एकदम पॉवरफुल. भिंत असो, दरवाजा असो, आरपार जाणार.” तो आम्ही दाराजवळच्या लोखंडी कपाटावर ठेवला. इंटरनेटची जोडणी चांगली होती, वेग मोजला की आकडा भला मोठा यायचा. तरी अधूनमधून कॉल अडकायचा. दोन-तीन सेकंद चित्र थांबायचं आणि मग पुन्हा सुरू व्हायचं. सगळीकडेच होतं तसं, असं म्हणून आम्ही पुढे जायचो.

एके दिवशी सकाळी एक गृहस्थ ऑफिसात आले. पन्नाशी ओलांडलेले, उंच, डोक्यावर चष्मा सरकवलेला, हातात हॉस्पिटलची फाइल. मी त्यांना ओळखलं. आठवड्याभरापूर्वी मुलुंडच्या एका हॉस्पिटलातून त्यांचा कॉल मीच घेतला होता. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होणार होतं.

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही, आणि आमच्यात ते ज्या नावाने ओळखले जातात ते लिहिताही येणार नाही. बहिऱ्या माणसांची आपसातली नावं खुणेची असतात. त्यांचं नाव म्हणजे दोन बोटं कपाळावर नेऊन मागे सरकवायची, डोक्यावर चष्मा चढवल्यासारखी. आणखी एक सांगायला हवं. खुणांच्या भाषेत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळं नसतं. समोरच्याकडे बोट दाखवलं की झालं. म्हणून त्यांचं माझं बोलणं इथे लिहिताना मी ‘तू’च लिहिते आहे. त्यात अनादर नाही.

त्यांनी फाइल टेबलावर ठेवली आणि विचारलं, “त्या दिवशी तू मला काय सांगितलंस?”

मला आठवत होतं. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशनच्या आधी पाच दिवस रक्त पातळ करायची गोळी घेऊ नका. मी तेच पुन्हा हातांनी सांगितलं.

“तू ‘घे’ म्हणालीस.”

“मी ‘घेऊ नकोस’ म्हणाले.”

त्यांनी खिशातून फोन काढला. दवाखान्याचा प्रत्येक कॉल ते रेकॉर्ड करून ठेवत, म्हणजे घरी जाऊन पुन्हा पाहता येतो. तो कॉल त्यांनी माझ्यासमोर लावला. फोनवर मी होते, निळ्या पडद्यापुढे. ऑपरेशन. आधी. पाच दिवस. रक्त पातळ. गोळी. घेणे. आणि तिथे, हात तोंडापाशी असताना, मी थांबले. दोन सेकंद तशीच. मग चित्र एकदम पुढे सरकलं, तेव्हा माझे हात खाली आलेले होते आणि मी मान हलवून ‘कळलं?’ असं विचारत होते.

आमच्या भाषेत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं. पंजा फिरवायचा आणि मान नकारार्थी हलवायची, एवढंच. तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. माझ्या पडद्यावर माझं चित्र नीट चालू होतं, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. त्यांनी पाच दिवस गोळी घेतली, ऑपरेशनच्या सकाळी उपाशीपोटी जाऊन भरती झाले, नर्सने कागदावर लिहून विचारलं तेव्हा खरं सांगितलं, आणि डॉक्टरांनी ऑपरेशन आठ दिवस पुढे ढकलून त्यांना घरी पाठवलं.

बत्तीस-तेहेतीस वर्षांत माझ्याकडून चुका झाल्या नाहीत असं नाही, पण त्या माझ्या चुका होत्या. इथे मी बरोबर बोलले होते आणि माणसाला उलटं कळलं होतं. नर्सने विचारलं नसतं तर काय झालं असतं ह्याचा विचार मला पुढे नेववेना. मी माफी मागितली. त्यांनी ती स्वीकारली की नाही हे मला कळलं नाही, कारण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते दाराकडे बघत होते, कपाटावरच्या त्या आठ अँटेनांच्या राउटरकडे.

“हे इथून चालतं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“लोखंडी कपाटावर?”

मी हो म्हणाले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, कपाटाभोवती एक चक्कर मारली, मग फोनमध्ये काहीतरी उघडून माझ्यासमोर धरलं. एकमेकांवर चढलेल्या रंगीत कमानींचा ढीग दिसत होता. “इस्टेटमधले सगळे गाळे इथेच बोलताहेत,” ते म्हणाले. “एकाच पट्ट्यात. बाजारात भाजीवाले ओरडतात तसे. आणि हा तुझा त्यातला सगळ्यात मोठ्याने ओरडणारा. पण ह्याला ऐकू येत नाही.”

हे सांगताना ते हसले. आल्यापासूनचं ते पहिलं हसू.

मग त्यांनी समजावून सांगितलं. राउटरचा आवाज कितीही मोठा असला तरी आपला टॅब्लेट, आपला फोन लहान आवाजातच बोलतात. आपलं चित्र बाहेर जाताना ते लहान आवाजातच जातं. चांगल्या अ‍ॅक्सेस पॉइंटचं खरं काम हा बारीक आवाज नीट पकडण्याचं. अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणजे वायफाय देणारा डबा, हा शब्दही मला त्यांनीच दिला. घरच्या राउटरमध्ये तो आतच असतो, आणि तोच राउटर बाकीची दहा कामंही करत असतो. ऑफिसात तो वेगळा आणि छतावर असावा, जिथून त्याला सगळे दिसतात.

“तुला हे कसं माहीत?” मी विचारलं.

ते एका मोठ्या कंपनीच्या गोदामांतलं वायफाय सांभाळतात. भिवंडी रस्त्याला चार गोदामं, प्रत्येकात माणसं हातात स्कॅनर घेऊन फिरत असतात. वायफाय अडकलं की स्कॅनर अडकतो आणि ट्रक उभे राहतात. ते तिथे वायर ओढायच्या कामावर लागले होते. घरचे जालन्याकडचे, वडील कांजूरमार्गच्या एका कारखान्यात. शाळेत बोलायला शिकवण्यातच सगळी वर्षं गेली, इंग्रजी फारसं आलंच नाही. गोदामात काही बिघडलं की बाकीचे लोक हेल्पलाइनला फोन लावून मोकळे व्हायचे. ह्यांना फोन करता येत नव्हता. म्हणून डब्यासोबत येणारी पुस्तिका ते डिक्शनरी शेजारी ठेवून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत. एकेका पुस्तिकेला महिना लागे. काही वर्षांनी असं झालं की हेल्पलाइनवाल्यांना जे सापडत नसे ते ह्यांना माहीत असे, आणि कंपनीने चारही गोदामं त्यांच्याकडे दिली.

हे त्यांनी सांगितलं तेव्हा त्यात कुठे कौतुक करून घेण्याचा भाव नव्हता. सुतार आपण रंधा कसा शिकलो ते सांगेल तसं सांगितलं.

“ऑपरेशनसाठी रजा घेतली होती,” ते म्हणाले. “ऑपरेशन पुढे गेलं. रजा आहे. उद्या येतो.”

माझ्याबरोबर काम करणारी एक बाई आहे, मालवणची, दिंडोशीला राहते. बहिऱ्यांच्या शाळेत वीस वर्षं शिकवून आमच्याकडे आली. ती हे सगळं बाजूला उभी राहून बघत होती. ते गेल्यावर म्हणाली, “ह्या माणसान आपल्यार ओरडूक होया होतां. आणि ह्यो उद्या काम करूक येतलो?”

दुसऱ्या दिवशी ते बरोबर दहाला आले. हातात एक शाळेची दोनशेपानी वही होती. त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती म्हणजे गेल्या महिन्यात कोणकोणते कॉल अडकले त्यांच्या वेळा. आम्ही कॉलच्या नोंदी ठेवतो, अडकला तर शेरा मारतो. त्यांनी त्या वेळा वहीत उतरवल्या आणि थोड्या वेळाने माझ्याकडे वही फिरवली. कॉल दिवसभर अडकत होते, पण एक ते दोनच्या मध्ये जास्तच. त्यांचा स्वतःचा कॉल एक चाळीसचा होता.

“एक वाजता काय होतं इथे?”

“जेवण,” मी म्हणाले.

ते उठून आमच्या चहाच्या कोपऱ्यात गेले. तिथे मायक्रोवेव्ह होता. मालवणच्या बाईचा माशाचा डबा त्यांनी आत ठेवला, मला दोन नंबरच्या खोलीत जाऊन त्यांच्या फोनवर कॉल लावायला सांगितलं, आणि बटण दाबलं. मी हात हलवत राहिले. काचेतून ते मला फोनचा पडदा दाखवत होते. मी पडद्यावर थांबलेली होते. डबा गरम होऊन घंटी वाजली तशी मी पुन्हा हलू लागले.

मायक्रोवेव्ह लहरींच्या ज्या पट्ट्यात काम करतो त्याच पट्ट्यात आमचं वायफाय चालत होतं.

मालवणची बाई खुर्चीवर बसली. “म्हणजे माझ्या बांगड्यान वाट लावल्यान?”

मी ते हातांनी त्यांना सांगितलं. त्यांनी डबा बाहेर काढून तिच्यासमोर ठेवला, वास घेतला आणि सांगितलं की बांगड्याची चूक नाही, तो चांगला दिसतो आहे. ती हसली, पण मी पाहिलं, तिने त्या दिवशी डबा खाल्ला नाही. पुढे कितीतरी दिवस ती जेवण थंडच खायची.

मला वाटलं, झालं, मायक्रोवेव्ह काढून टाकू. ते नाही म्हणाले. उद्या बाजूच्या गाळ्यात मायक्रोवेव्ह येईल, तोही काढणार का? आणि मग ते कामाला लागले.

त्यांना शिडीवर चढायची मनाई होती, वजन उचलायची मनाई होती. त्यामुळे रंगारी वापरतात तो घोडा, म्हणजे घडीची शिडी, खालच्या मजल्यावरून मागवला आणि त्यावर मी चढले. पुढचे सहा दिवस मी कॉल घेतले आणि मधल्या वेळात घोड्यावर चढले. ते खाली उभे राहून हातांनी सांगत. ह्यात एक मजा होती. ऐकणाऱ्या माणसाने खालून सांगितलं असतं तर पॉलिशच्या मशिनच्या आवाजात मला एक अक्षर कळलं नसतं. आमचं बोलणं झकास चालू होतं.

आधी त्यांनी केबल टाकून घेतली. जी दोन टेबलं जागची हलत नाहीत तिथले कॉम्प्युटर सरळ केबलने जोडले. “जिथे वायर जाते तिथे वायरच,” ते म्हणाले. “वायफाय उरलेल्यांसाठी.” उरलेले म्हणजे दोन खोल्यांमधले टॅब्लेट आणि बाहेरच्या बाकावर बसणारी माणसं. आमच्याकडे येणारे लोक स्वतःच्या फोनवरून घरच्यांशी व्हिडिओवरच बोलतात, त्यांना फोनवर बोलायचा दुसरा मार्ग नसतोच.

मग अ‍ॅक्सेस पॉइंट. त्यांनी ओळखीच्या लोकांकडून तीन वेगवेगळे मागून आणले. मी आपली खोक्यांवरचे आकडे वाचत बसले. एकावर सगळ्यात मोठा आकडा होता, खोकंही चकचकीत, अगदी नवं मॉडेल. मी तेच बोटाने दाखवलं. त्यांनी ते आधी लावायला सांगितलं.

वेगाची चाचणी मी घेतली तेव्हा आकडा पाहून थक्क झाले. त्यांनी त्याकडे बघितलंही नाही. त्यांची चाचणी निराळी होती. मालवणच्या बाईच्या हातात टॅब्लेट दिला आणि तिला ऑफिसभर फिरायला सांगितलं. स्वतः बाहेरच्या जिन्यावर जाऊन बसले आणि फोनवरून तिला बोटांनी अक्षरं काढून औषधांची नावं सांगू लागले, लांबलचक, एकामागून एक, जमेल तितक्या जोरात. तिने ती मोठ्याने वाचायची आणि मी त्यांच्या यादीशी ताडून बघायची. एखादं अक्षर गळलं की वहीत एक रेघ. मग ती नावं सांगायची आणि ते वाचायचे, म्हणजे उलट्या दिशेनेही कळेल. हे चालू असताना बाकी सगळ्यांनी आपापल्या फोनवर व्हिडिओ लावून ठेवायचे. मायक्रोवेव्हमध्ये पाण्याचा ग्लास फिरत असायचा. लेबलवाल्या गाळ्यातल्या दोघांनाही त्यांनी खुणेने बोलावून आणलं आणि फोन जोडून बाकावर बसवलं. तेही आनंदाने बसले.

पहिल्या दिवशी त्या चकचकीत डब्याने एकही अक्षर गाळलं नाही. मी म्हणाले, हाच घेऊ या. त्यांनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी दुपारी, एसी बंद करायला लावून, त्यांनी पुन्हा यादी काढली. मे महिना होता, छताच्या वरच तापलेली गच्ची. मला घोड्यावर चढवून डब्याला हाताची मागची बाजू लावायला सांगितली. हात ठेववत नव्हता. अक्षरं गळू लागली होती. वहीत रेघांची रांग लागली.

“ह्याचा आकडा सगळ्यात चांगल्या वेळेचा आहे,” त्यांनी सांगितलं. “मला सगळ्यात वाईट वेळ कशी जाते ते बघायचं असतं. माणूस डॉक्टरसमोर बसलेला असतो तेव्हा सरासरी काय होती ह्याचा त्याला उपयोग नाही.”

त्यांनी हे माझ्या चुकीकडे बोट दाखवायला म्हटलं नव्हतं, तरी मला ते लागलं, आणि बरं झालं लागलं.

दुसरा डबा चित्राला चांगला होता. उन्हातही टिकला. मग त्यांनी मेन स्विच बंद केला, चालू केला, आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. डबा परत कामाला लागायला चहा होऊन पिऊन संपेल एवढा वेळ गेला. आमच्या इस्टेटमध्ये दिवसातून एकदा तरी लाइट झपकन जाऊन येतो. शिवाय त्याची लहानशी गोष्ट बदलायची तरी कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन खातं उघडावं लागत होतं. त्यांनी तो खोक्यात परत भरला.

तिसरा पाहून माझी निराशा झाली होती. पांढरा, ताटलीएवढा, गोल. खोक्यावर काही फार लिहिलेलं नव्हतं. दोन-तीन वर्षांपूर्वीचं मॉडेल. एकाच केबलमधून त्याला इंटरनेटही मिळायचं आणि वीजही, त्यामुळे छतावर वेगळा प्लग लागत नव्हता. वेगाच्या चाचणीत तो पहिल्याच्या निम्म्यानेही भरला नाही. पण औषधांची नावं सुरू झाली आणि मालवणची बाई ऑफिसभर फिरत, जिन्यापर्यंत जाऊन, वाचतच राहिली. दुपारी वाचत राहिली. एसी बंद असताना वाचत राहिली. लाइट घालवून आणला तर दीड मिनिटात डबा परत उभा. दोन दिवसांत वहीत तीन रेघा पडल्या, आणि त्यातली एक, तिने स्वतः कबूल केलं, तिला ते औषध माहीत नव्हतं म्हणून.

तरी त्यांचं समाधान झालं नाही. ह्या कंपनीचे दुरुस्तीवाले मुंबईत कुठे बसतात, बिघडला तर बदली डबा किती दिवसांत देतात, जुन्या मॉडेलला अजून सॉफ्टवेअरच्या सुधारणा पाठवतात का, हे त्यांनी दोन-तीन ठिकाणी मेसेज करून विचारलं आणि उत्तरं वहीत लिहिली. मग डब्याचा आवाज, म्हणजे त्याची ताकद, त्यांनी कमी केली. मला वाटलं चुकून केली. “सगळ्यात मोठ्याने ओरडायचं नाही,” ते म्हणाले. “जेवढ्या जागेत बोलायचं तेवढंच.” मायक्रोवेव्हचा पट्टा सोडून त्यांनी वरचा, मोकळा पट्टा निवडला. मला घोड्यावरून चार वेळा उतरवून चार वेळा चढवलं आणि मग शेवटची जागा ठरवली. आठ अँटेनांच्या राउटरचं वायफाय बंद केलं.

सगळं झाल्यावर संध्याकाळी आम्ही चहा प्यायला बसलो. मी पुन्हा माफी मागितली. ह्या वेळी त्यांनी कप खाली ठेवला.

“डबा चांगला आहे,” ते म्हणाले. “तरी कधीतरी अडकेल. तेव्हा तू काय करशील?”

मीही माझा कप खाली ठेवला.

“तू मला ‘कळलं?’ विचारलंस. मी हो म्हणालो. चुकीचं कळलेला माणूसही होच म्हणतो. तू विचार, ‘काय कळलं ते सांग.’”

मी इतकी वर्षं हे काम करते आहे. आमच्या शिक्षणात हे सांगितलेलं असतं, मी स्वतः नवीन लोकांना सांगितलेलं आहे. घाईत ते सुटत गेलं होतं, आणि ज्याच्या बाबतीत सुटलं त्यानेच मला ते परत आणून दिलं. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात डॉक्टरचा कॉल संपवायच्या आधी समोरच्याकडून सगळं पुन्हा वदवून घेतो. डॉक्टर कुरकुरतात. कुरकुरू देत.

दोन दिवसांनी त्यांचं ऑपरेशन झालं. मी स्वतः हॉस्पिटलात गेले होते, कॉलवर नाही. सगळं नीट पार पडलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी सलाइन नसलेल्या हाताने पहिलं जे विचारलं ते त्यांच्या बायकोला होतं, चष्मा कुठे आहे म्हणून. नंतर मी दिसले तेव्हा विचारलं, वहीत नवीन रेघा किती.

आता ह्या गोष्टीला दीड वर्ष झालं. कॉल अडकत नाहीत असं मी म्हणणार नाही, समोरच्या माणसाच्या फोनला रेंज नसते तेव्हा अडकतात. आमच्या बाजूने अडकलेले कॉल मला बोटांवर मोजता येतील. ती वही मी पुढे चालू ठेवली आहे. नवीन माणूस कामावर आला की मालवणची बाई त्याला आधी वही दाखवते, मग निळा पडदा. डबा ती आता बिनधास्त गरम करते.

मी ह्या दीड वर्षात पुष्कळदा विचार केला की त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं. तक्रार केली असती. ती करायचा त्यांना पूर्ण हक्क होता. ऑपरेशन पुढे गेलेलं, पोटात दुखत असलेलं, रजा वाया चाललेली. त्यांनी त्या रजेत आमचं छत तपासलं. ह्याचं कारण मी एकदा त्यांना विचारलं होतं. त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. त्यांनी सांगितलं, “बिघडलेलं दिसलं.” एवढंच.

गेल्या महिन्यात आम्ही लेबलवाल्यांचा अर्धा गाळा घेतला, अजून दोन खोल्या करायला. तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लागणार होता. मी त्यांना मेसेज केला, कधी येशील. उत्तर आलं, ह्या वेळी तू निवड.

मी निवडला. दोन मागून आणले, दोन्ही दोन-दोन दिवस लावून बघितले, दुपारी एसी बंद केला, लाइट घालवून आणला, मालवणच्या बाईला औषधांची नावं सांगितली. वहीतल्या रेघा मोजल्या आणि घोड्यावर चढून स्वतः छतावर जागा ठरवली. मग व्हिडिओ कॉल लावून त्यांना दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ घेतला, सगळी खोली फिरवून दाखवायला लावली, खिडकी कुठे, कपाट कुठे, माणूस कुठे बसणार. डबा बरोबर निवडलास म्हणाले.

मग फोन टेकवून ठेवून, दोन्ही हात उचलून त्यांनी डबा हवेतल्या हवेत उचलल्यासारखा धरला आणि डावीकडे सरकवून ठेवला. “दीड फूट,” ते म्हणाले. मी पुन्हा घोड्यावर चढले.